जावई, थोरली आणि वाळ्याची ताटी

आमची मोटार तापट होती, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. ती का तापते, यावर मात्र दोन माणसांचं कधी एकमत झालं नाही.

मोटार दुधी रंगाची, गोल पाठीची. नव्या जालन्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याने ती विकली की थोड्याच दिवसांत परत त्याच्या दारात येऊन उभी राहायची. मग त्याला मी भेटलो. मी बियाण्याच्या कंपनीत कारकून. साहेब लोक मोटारसायकलवर यायचे आणि मी मोटारीतून उतरायचो (पुष्कळदा उतरून ढकलायचो, पण उतरायचो मोटारीतूनच). उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की पहिली बादली मोटारीला, दुसरी घराला. म्हणून माझ्या बायकोने, मंदाने, तिचं नाव ‘थोरली’ ठेवलं. धाकटी कोण, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या आधी एक कान सांगायला हवा.

माझी धाकटी बहीण शोभा. तिच्या लग्नात कानपिळीला भाऊ म्हणून मी उभा राहिलो. यात नवरदेवाचा कान हलकेच धरायचा असतो, त्याने हसायचं असतं, भावाला कपडे द्यायचे आणि सगळ्यांनी मोकळं व्हायचं. पण मागून मित्रांनी आवाज दिला, "दिगंबर, बघतो काय? पीळ!" मी शेतकऱ्याच्या घरचा, मोटेचा दोर ओढून वाढलेला. पिळला. वरातीत नवरदेवाचा एक कान माणसाचा आणि दुसरा जास्वंदीचा दिसत होता. रंगीत फोटोंचा जमाना नुकताच घरोघर पोचला होता, त्यामुळे तो फरक अल्बममध्ये कायमचा राहिला. शोभाच्या सासूबाई परभणीत येणाऱ्याजाणाऱ्याला तो अल्बम काढून दाखवायच्या.

तेव्हापासून आमचे दाजी विनायकराव माझ्याशी फक्त अदबीने बोलायचे. लग्नाआधी मला ‘दादा’ म्हणायचे, नंतर ‘भाऊसाहेब’ म्हणू लागले. अदबीने बोलणाऱ्या जावयाची मला मनापासून भीती वाटते. शिव्या देणारा जावई परवडला, त्याच्या मनात काय आहे ते कळतं तरी.

अशात अधिक महिना आला, तोही भर उन्हाळ्यात. लग्नानंतरचा पहिला अधिक, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण करावंच लागणार. आई-अण्णा अंतरवाली सराटीला, आमच्या गावी. दाजी आणि शोभा परभणीहून सकाळच्या गाडीने जालन्याला येणार आणि पुढे गावाला. अण्णा म्हणाले, "जीप सांगतो." मी म्हणालो, "अण्णा, घरची मोटार असताना जावई भाड्याच्या जीपमधून आणायचा का?" अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मला तो होकार वाटला.

दोन दिवसांनी शोभाचा ऑफिसात फोन आला.

"दादा, ह्या टायमाला नीट कर. सासूबाई म्हणल्यात, आता जर का काही झालं तर दिवाळीला माहेर न्हाई. मी रडून राह्यले म्हणून फोन करू दिला त्यांनी."

शोभा कधी रडत नाही. आमच्या घरात रडण्याचं खातं माझ्याकडे आहे. तिची दिवाळी आता माझ्या आणि थोरलीच्या हातात होती, आणि दोघांचाही आजवरचा लौकिक काही बरा नव्हता.

मी थोरलीला तडक स्टेशनमागच्या रफीकभाईंच्या गॅरेजात नेलं. त्यांनी ती दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी विजयी चेहऱ्याने परत दिली.

"रेडिएटरमदी गाळ साचल्ता. पंख्याचा पट्टा ढिल्ला होता. सब बराबर करून दिलं. आता काश्मीरला जा, काटा हलणार न्हाई."

"आणि गरम झाली तर?"

"झाली तर माझं नाव बदला."

त्यांचं नवं नाव काय ठेवावं याचा विचार करतच मी घरी आलो. माझा दुसऱ्याच्या कामावर विश्वास बसत नाही. स्वतःच्या कामावर मात्र विनाकारण बसतो, आणि सगळं इथंच बिघडलं.

दाजी यायच्या आदल्या दिवशी मंदा धोंड्यांच्या तयारीला गावी निघून गेली. मी दुपारी कूलरसमोर आडवा पडलो होतो. बाहेर ऊन असं, की कावळा नळाच्या तोटीवर बसून माझ्याकडे आशेने बघत होता. आणि आत गार वारा! कुठून येतो हा वारा? बाहेरून तापलेला येतो, ओल्या वाळ्याच्या ताटीतून जातो, पंखा त्याला आत ओढतो आणि तो थंड होतो. मी उठून बसलो. कूलरला पंखा आहे. थोरलीलाही पंखा आहे. थोरलीला काय नाही? वाळा!

मोटारी बनवणाऱ्या एवढ्या मोठ्या लोकांना ही गोष्ट सुचली नव्हती, याचं मला नवल वाटलं. त्यांच्याकडे जालन्यासारखा उन्हाळा नसणार, असं म्हणून मी त्यांना माफ केलं.

लगेच कूलरची एक ताटी उपसली आणि थोरलीच्या तोंडावर, जाळीच्या पुढे, सुतळीने आवळून बांधली. ताटी थोडी आखूड पडली. मग शेजारच्या गायीपुढचा मूठभर हिरवा लसूणघास मागून आणला आणि उरलेली जागा भरून काढली. वर पोत्याचा एक तुकडा लावला, ओल टिकावी म्हणून. वारा शिरायला बोटभर फट राहिली नाही, इतकं काम चोख झालं होतं.

सकाळी मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी त्याने एक हंगाम ट्रॅक्टर चालवला होता आणि त्या भांडवलावर तो जन्मभर इंजिनांवर मत देत होता. त्याने ताटी पाहिली, मान डोलावली आणि काही विचारलं नाही. खिशातून लिंबू काढून सुतळीत अडकवलं, पोत्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली आणि दाजींसाठी आणलेल्या दोन हारांतला एक तिथेच चढवला.

"आता बिलकुल काळजी करू नको," मामा म्हणाला.

मी वरून बादलीभर पाणी ओतलं आणि आम्ही स्टेशनवर गेलो.

गाडी वेळेवर आली. दाजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, शोभा नव्या साडीत. मामाने दाजींना हार घातला. मी थोरलीचं दार उघडून अदबीने उभा राहिलो. दाजी पुढून वळसा घालून येताना थांबले. त्यांनी समोरच्या पोत्याकडे, कुंकवाकडे, हाराकडे पाहिलं आणि हळूच हात जोडले. मला वाटलं, ते मलाच नमस्कार करताहेत. माझा ऊर भरून आला. मीही वाकून नमस्कार केला.

"बसा दाजी. आई म्हणली, उन्हं डोक्यावर यायच्या आत तुम्ही पाटावर पाहिजेत."

"जशी तुमची इच्छा, भाऊसाहेब," दाजी म्हणाले.

जालना मागे पडलं, अंबडचा रस्ता लागला आणि थोरली गरम व्हायला लागली. तापमानाचा काटा आधी मधोमध होता. मग तो उठला. मी बोलून विषय बदलायचा प्रयत्न केला, पण काटा आपल्या विषयावर ठाम होता. थोड्याच वेळात बॉनेटखालून वाफ आली आणि मी थोरली एका बाभळीखाली उभी केली.

"पाणी कमी पडलंय," मामा उतरत म्हणाला.

"मामा, लगेच रेडिएटरचं झाकण उघडू नको, गरम आहे."

"मला शिकवतो का? ट्रॅक्टर चालवलाय मी." मामाने खांद्यावरचं उपरणं झाकणावर टाकलं आणि पिरगाळलं. पुढचं मी नीट पाहिलं नाही, कारण मी रस्त्याच्या पलीकडे पळालो होतो. फुस्स असा मोठा आवाज झाला, वाफेचा खांब उठला आणि मामाचं उपरणं बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसलं. मामा धडधाकट होता, फक्त त्याच्या मिशांतून वाफ निघत होती. झाकण शोधायला आम्हाला उपरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. उपरणं अजूनही तिथंच असेल.

मागच्या सीटवरून दाजी उतरायला लागले.

"मी काही मदत करू का?"

"छे, छे!" मी आणि मामा एकदमच ओरडलो. मामाने त्यांना खांद्याला धरून परत आत बसवलं. "धोंड्याचा जावई म्हणजे देव, जावईबापू. देव कुठं रस्त्यावर उतरत असतो का?"

देव बसून राहिले. आतून घामाने त्यांचा पांढरा सदरा अंगाला चिकटला होता. घरी आई धोंडे वाफवत होती आणि इकडे आम्ही जावई.

थोरली निवल्यावर बरोबरच्या कॅनमधलं निम्मं पाणी रेडिएटरमध्ये घातलं. उरलेलं निम्मं मी प्रेमाने ताटीवर ओतलं. पुढे निघालो. अंबड येईस्तोवर काटा पुन्हा वर. आता मामाचं निदान बदललं.

"थर्मोस्टॅट. शंभर टक्के. ते काढून फेकून दे, तेच पाणी अडवून राह्यलंय."

"रफीकभाईनं परवाच सगळं बघितलं ना."

"मंग पंख्याचा पट्टा." मामाने बोटाने पट्टा दाबला. तो सतारीच्या तारेसारखा ताठ होता. मामाला ते आवडलं नाही. "फारच ताठ आहे. म्हणूनच तापती. सगळी हवा एका जागी फिरती."

माझंही डोकं चालत होतं. माझ्या मते वाळा वाळत होता. उन्हात बादलीभर ओल किती टिकणार? म्हणून अंबडात हातपंपावर थांबून मी ताटी चांगली भिजवली, इतकी की पोत्यातून धारा लागल्या. एक म्हातारा पंपाशी उभा राहून पाहत होता. "गाडीला ताप आलाय का?" त्याने विचारलं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. शास्त्रज्ञांना हे सोसावंच लागतं.

जितकं भिजवावं तितकी थोरली जास्त तापत होती. आता ती पावलोपावली थांबायला लागली. सूर्य डोक्यावर येऊन पलीकडे कलायला लागला. दाजी रुमालाने मान पुसत होते. शोभा खिडकीबाहेर बघत होती. शेवटी गाव थोड्याच अंतरावर राहिलं असताना, एका चहाच्या टपरीपाशी थोरलीने मोठा सुस्कारा टाकला आणि ती बंद पडली.

सगळ्यांना उतरावंच लागलं. देवसुद्धा उतरले. टपरीवालीने कडुलिंबाखाली बाज टाकून दिली आणि चहा ठेवला. शोभा मला बाजूला घेऊन गेली. तिचे डोळे लाल झाले होते.

"दादा, मी तुला एकच गोष्ट मागितली होती. तुझी मोटार न्हाई मागितली मी."

"शोभे, अगं, मी सगळं केलं गं. काही बाकी ठेवलं न्हाई."

"ते तर दिसून राह्यलंय," ती म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मला रडू आलं. आधी सांगितल्याप्रमाणे हे खातं माझंच आहे.

मी डोळे पुसून मागे वळलो तर थोरलीच्या तोंडाशी टपरीवालीची शेळी. मोठी, काळी, कान लांब. हार तिने संपवला होता. आता ती लसूणघासावर आली होती. आधी शिस्तीत उपटून खात होती. मग घास सुतळीत अडकला, म्हणून तिने मान मागे घेऊन हिसका दिला आणि पोतं, वाळा, सुतळी सगळं एकत्र सुटलं.

"अरे! अरे!" मी धावलो आणि ताटीचं दुसरं टोक पकडलं. शेळीने सोडलं नाही. मीही सोडलं नाही. माझा सगळा शोध आमच्या दोघांच्या मध्ये ताणला गेला होता. शेळीने डोळे मिटून आणखी एक हिसका दिला आणि मी बसलो. ती वाळा घेऊन टपरीमागे गेली. उरलं फक्त लिंबू. ते तिने हुंगून सोडून दिलं होतं.

"साहेब, खाऊ द्या तिला," टपरीवाली गाळणं झटकत म्हणाली. "दोन दिस चारा न्हाई मिळाला."

"अहो, तिनं गाडीचा कूलर खाल्ला!"

टपरीवालीने माझ्याकडे पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं आणि दाजींना जास्त साखरेचा चहा दिला.

आता सगळं संपलं असं मला वाटलं. वाळा होता तेव्हा एवढी तापत होती, आता वाळ्याविना तर पेटणारच. तरी तिथे बसून राहणं शक्य नव्हतं. थोरली निवली, पाणी भरलं, देवाचं नाव घेतलं (खरा देव मागे बसलेलाच होता) आणि चावी फिरवली. ती सुरू झाली. मी काट्याकडे बघत गाडी चालवत होतो, रस्त्याकडे मामा बघत होता. काटा मधोमध आला आणि थांबला. मी वेग वाढवला. तो तिथेच. चढ आला. तो तिथेच.

"लिंबानं केलं," मामा म्हणाला. "म्हणून शेळीनं त्याला तोंड लावलं न्हाई."

"लिंबानं कसं? गाडीला विश्रांती मिळाली. धातूला विश्रांती लागते," मी शास्त्र सांगितलं.

मागून एक आवाज आला. इतका वेळ अदबीने बसलेल्या माणसाचा घसा साफ करण्याचा.

"भाऊसाहेब, एक विचारू का? तुम्हाला राग न्हाई ना येणार?"

"विचारा ना दाजी."

"ते पोतं... तुमच्याकडं गाडीला बांधायची पद्धत आहे का? धोंड्याच्या महिन्यात?"

"पद्धत कसली? गारव्यासाठी बांधलं होतं मी."

थोरली एकदम हळू चालल्यासारखी वाटली.

"म्हणजे," दाजी हळूच म्हणाले, "जिकडून वारा आत जातो तीच जागा तुम्ही ओल्या पोत्यानं बुजवली होती, न्हाई का? मला स्टेशनवरच वाटलं, गाडीचा जीव गुदमरल. पण वर हार, कुंकू... मला वाटलं कुलाचार असल. मी तर पाया पण पडलो."

"मंग बोलला का न्हाईत हो?" शोभा एकदम म्हणाली.

"कसं बोलणार? आधीच मी मानापानाचा माणूस म्हणून तुमच्या गावात माझं नाव खराब. त्यात सासरच्या देवाला नावं ठेवली म्हणल्यावर? पण तू का न्हाई बोललीस?"

"मला वाटलं मामाचा काही नवस असल," शोभा म्हणाली.

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत होता.

"मला वाटलं ते रफीकभाईनं बसवलंय," तो म्हणाला. "म्हणून तर मी पूजा केली."

रफीकभाईंचं नाव जसंच्या तसं राहिलं. बदलायचं तर माझं होतं. मी अगदी हळू आवाजात "कूलर" असं काहीतरी म्हणालो आणि मागे हसण्याचा स्फोट झाला. पहिल्यांदा शोभा. मग दाजी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लग्नापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं. मी आरशात बघत होतो. शोभा त्यांच्या दंडाला धरून हसत होती आणि मला पहिल्यांदाच तिची दिवाळी दिसली.

घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. अण्णा अंगणात उभे होते. त्यांनी थोरलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "जीप..." एवढाच शब्द उच्चारला. आईने दाजींचे पाय धुतले, औक्षण केलं, पाटावर बसवलं. धोंडे, तूप, अनारसे. दाजी भुकेले होते आणि मोकळे झाले होते. मंदाने वाढता वाढता माझ्या कानाशी येऊन विचारलं, "घरचा कूलर नीट बंद करून आलात ना?" मी धोंडा तोंडात कोंबला.

जेवण झाल्यावर अण्णांनी चांदीची वाटी पुढे केली आणि म्हणाले, "विनायकराव, आज तुमचं पोट उपाशी ठेवलं आम्ही. ह्याच्यावर आणखी काय पाहिजे ते मागा. मनात काही ठेवू नका."

दाजींनी वाटी शोभाकडे दिली. हात पुसले.

"मागू का अण्णा? खरंच?"

"बिलकुल मागा."

"मंग दादाला जरा इकडं बसवा."

बऱ्याच दिवसांनी ते मला दादा म्हणाले होते. मी आनंदाने त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पुढचं मला कळायला उशीर झाला, कारण ते भूगोलाचे मास्तर आहेत आणि पोरांचे कान धरण्याचा त्यांचा सराव माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. आधी हलकेच धरला. सगळे हसले. मग मामाने मागून आवाज दिला, "जावईबापू, बघता काय? पिळा!"

पिळला.

अंगणात हसण्याचा एकच कल्ला झाला. शोभा टाळ्या वाजवत होती. दाजींनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "आता आईला सांगतो, फिट्टंफाट झाली. दिवाळीला येतोच." मला भरून आलं. कानातून मात्र थोरलीसारखी वाफ निघत होती.

आईला दया आली. "अगं मंदे, लालबुंद झालाय त्याचा कान. ओलं फडकं आण, घट्ट बांधून टाक."

"नको!" मी दोन्ही हात वर करून मागे सरकलो. "काही बांधू नका. वारा लागू द्या."